कॅटरिनाचा दोष कोणाचा? सरकारी जबाबदारीवर वादविवाद करण्याची पद्धत

२९ ऑगस्ट २००५ रोजी सकाळी कॅटरिना हे चक्रीवादळ अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात बुरास या वस्तीजवळ किनाऱ्यावर धडकले. आदल्या दिवशी मेक्सिकोच्या आखातावर असताना ते पाचव्या, म्हणजे सर्वांत तीव्र श्रेणीला पोहोचले होते. किनाऱ्याला लागताना ते तिसऱ्या श्रेणीचे झाले होते. त्यानंतर न्यू ऑर्लिन्स शहराचे पूररोधक बांध आणि भिंती अनेक ठिकाणी फुटल्या, शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला आणि एका अतिशय श्रीमंत देशाचे नागरिक घरांच्या छपरांवर बसून मदतीची वाट पाहताना जगभर दिसले. या हानीला सरकार किती जबाबदार होते, हा प्रश्न तेव्हापासून महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांत आणि राज्यशास्त्राच्या वर्गांत पुन्हा पुन्हा मांडला जातो. परंतु बहुतेक वेळा एक बाजू सरकार नाकर्ते होते असे म्हणत राहते, दुसरी बाजू निसर्गापुढे कोणाचे काय चालते असे विचारत राहते, आणि अर्ध्या तासानंतरही ऐकणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही. या विषयाची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी आणि त्याची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकासाठी पुढील पद्धत मांडली आहे.

प्रस्ताव आधी घट्ट करावा

‘कॅटरिनातील हानीस अमेरिकी सरकार जबाबदार आहे’ असा प्रस्ताव मिळाल्यास तो तसाच स्वीकारू नये, कारण त्यातील ‘सरकार’ आणि ‘हानी’ या दोन्ही गोष्टी फार पसरट आहेत. सरकार म्हटले की त्यात निधी मंजूर करणारी काँग्रेस म्हणजे अमेरिकेची संसद, राष्ट्राध्यक्ष, गृहसुरक्षा विभाग, त्याच्या अधीन असलेली फेमा ही आपत्ती व्यवस्थापन संस्था, बांधांची रचना करणारे लष्कराचे आर्मी कोर ऑफ इंजिनिअर्स, राज्याच्या गव्हर्नर, शहराचे महापौर आणि बांधांची देखभाल करणारी स्थानिक मंडळे असे सगळेच येतात. हानीचेही तसेच आहे. शेजारच्या मिसिसिपी राज्यात पास क्रिश्चन, वेव्हलँड, गल्फपोर्ट, बिलॉक्सी या किनाऱ्यावरच्या गावांवर सुमारे २८ फुटांपर्यंत उंचीची समुद्राची लाट चालून आली आणि तिने वस्त्याच्या वस्त्या पुसून टाकल्या. तेथील विध्वंस मुख्यतः त्या लाटेचा होता. न्यू ऑर्लिन्समध्ये मात्र शहराच्या रक्षणासाठी सरकारने बांधलेली यंत्रणाच कोसळली. या दोन ठिकाणांची हानी एका दमात सांगणाऱ्या वक्त्याला प्रतिपक्ष सहज गाठतो.

म्हणून प्रस्तावाची व्याख्या करण्याची संधी असेल तेव्हा ती अशी करावी: न्यू ऑर्लिन्समधील पूर आणि त्यानंतरच्या पाच दिवसांतील नागरिकांचे हाल यांची मुख्य जबाबदारी संघराज्य सरकारची होती. या वाक्यावर खरा वाद होऊ शकतो, कारण त्यातील ‘मुख्य’ या शब्दालाही आव्हान देता येते आणि ‘संघराज्य’ या शब्दालाही. शिवाय या वाक्याचे दोन भाग पडतात आणि ते शेवटपर्यंत वेगळे ठेवावे लागतात. पूर हा पूर्वतयारीचा प्रश्न आहे. त्याची मुळे चाळीस वर्षे मागे जातात आणि त्यातील निर्णय घेणारे बरेच जण २००५ मध्ये पदावरही नव्हते. पाच दिवसांचे हाल हा प्रतिसादाचा प्रश्न आहे. तेथे तास मोजावे लागतात आणि पदावरील माणसे ठाऊक असतात. एका भागाचा पुरावा दुसऱ्या भागातील आरोपासाठी वापरण्याची चूक अनुभवी वक्तेही करतात.

कर्तव्य, माहिती, क्षमता, परिणाम

प्रत्येक आरोप मांडण्यापूर्वी चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. ते काम करण्याचे कर्तव्य कायद्याने किंवा ठरलेल्या व्यवस्थेने कोणावर होते? धोक्याची माहिती त्या व्यक्तीला किंवा संस्थेला केव्हा मिळाली? त्या वेळी काही करण्याचे अधिकार आणि साधने तिच्याकडे होती का? आणि ते काम झाले असते तर परिणाम खरोखर बदलला असता का? चारही उत्तरे देता आली तरच आरोप उभा राहतो. तीनच आली तर तो टीका म्हणून मांडावा, आरोप म्हणून नव्हे. आणि हा फरक आपणच बोलून दाखवावा, कारण परीक्षकाचा विश्वास अशाच ठिकाणी मिळतो.

बांधांचे उदाहरण घेऊन हे करून पाहू. १९६५ मध्ये बेट्सी चक्रीवादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवल्यानंतर काँग्रेसने त्याच वर्षी कायदा करून शहराच्या संरक्षणाचा प्रकल्प मंजूर केला आणि त्याची रचना व बांधकाम आर्मी कोरकडे सोपवले. येथे कर्तव्य कोणाचे होते याबद्दल शंका उरत नाही. हा प्रकल्प सुमारे १३ वर्षांत संपेल असा मूळ अंदाज होता. २००५ मध्ये तो अपूर्ण होता आणि पूर्ण होण्याचे अपेक्षित वर्ष २०१५ पर्यंत गेले होते. पुरानंतर कोरनेच नेमलेल्या तज्ज्ञगटाने २००६ मध्ये अहवाल दिला. शहरातील पाणी उत्तरेच्या पाँचरट्रेन तलावात सोडणाऱ्या सतराव्या स्ट्रीटच्या कालव्याची आणि लंडन ॲव्हेन्यू कालव्याची भिंत पाणी तिच्या माथ्यापर्यंत पोहोचण्याआधीच फुटली, असे त्यातून पुढे आले. ही बाब या संपूर्ण वादातील सर्वांत वजनदार पुरावा आहे, असे माझे मत आहे. भिंतीवरून पाणी वाहून गेले असते तर वादळ अपेक्षेपेक्षा मोठे होते असा बचाव करता आला असता. ज्या पाण्याला थोपवण्यासाठी भिंत बांधली त्याहून कमी पाण्याने ती ढासळली, तेव्हा दोष रचनेकडे जातो. भिंतींखालच्या मऊ मातीची ताकद ठरवताना चूक झाली होती. शिवाय जमीन सतत खचत असताना उंचीची जुनी मोजमापे वापरली गेल्याने काही ठिकाणी भिंती ठरवलेल्या उंचीपेक्षा ठेंगण्या राहिल्या होत्या. ही संरक्षणव्यवस्था केवळ नावापुरती एकसंध होती, असा त्या अहवालाचा निष्कर्ष होता, आणि कोरचे तत्कालीन प्रमुख लेफ्टनंट जनरल कार्ल स्ट्रॉक यांनी रचनेतील अपयश जाहीरपणे मान्य केले.

आता प्रतिपक्षाच्या खुर्चीत बसून याच उदाहरणाकडे पाहावे. कालव्यांच्या मुखाशी दरवाजे बसवावेत आणि वादळात तलावाचे पाणी शहरात शिरू देऊ नये, असा पर्याय कोरने पूर्वी मांडला होता. स्थानिक संस्थांचा त्याला विरोध होता आणि शेवटी कालव्याच्या दोन्ही काठांवर भिंती उंच करण्याचा मार्ग स्वीकारला गेला. तलावाच्या तोंडाशी मोठे अडसर उभारण्याची मूळ योजनाही १९७७ मध्ये पर्यावरणविषयक खटल्यामुळे थांबली होती. म्हणजे निर्णयाच्या साखळीत स्थानिक लोक, न्यायालय आणि काँग्रेस हे सगळे होते. तरीही उत्तर देता येते: पर्याय कोणी निवडला हा एक प्रश्न आहे आणि निवडलेला पर्याय नीट बांधला का हा दुसरा, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचे कर्तव्य कोरचेच होते. अनुकूल बाजूने हे उत्तर आधीच तयार ठेवावे. प्रतिकूल बाजूने पहिल्या प्रश्नावर अधिक वेळ घालवावा, कारण त्यांची जमीन तेथेच भक्कम आहे.

‘कोणालाच कल्पना नव्हती’ या बचावाशी कसे भिडावे

१ सप्टेंबर २००५ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी बांध फुटतील असे कोणाला वाटले नव्हते, अशा आशयाचे विधान केले. या विधानावर तुटून पडण्याचा मोह अनेक वक्त्यांना होतो आणि ते २८ ऑगस्टच्या दूरदृश्य बैठकीचा दाखला देतात. त्या बैठकीत राष्ट्रीय हरिकेन केंद्राचे संचालक मॅक्स मेफिल्ड यांनी बांधांबद्दल गंभीर चिंता व्यक्त केली होती आणि राष्ट्राध्यक्ष त्या बैठकीला जोडलेले होते. परंतु मेफिल्ड यांची चिंता पाणी बांधांवरून ओसंडण्याची होती, बांध फुटण्याची नव्हे. हा फरक ज्या वक्त्याला माहीत नसतो, त्याचे संपूर्ण भाषण प्रतिपक्ष एका वाक्यात सैल करून टाकतो.

म्हणून या विधानावर आरोपाचा भार टाकू नये. २००४ च्या जुलैमधील सरावावर टाकावा. ‘हरिकेन पॅम’ या काल्पनिक वादळाचा हा सराव फेमाच्या खर्चाने बॅटन रूज येथे झाला. तिसऱ्या श्रेणीचे वादळ न्यू ऑर्लिन्सवर आले, पाणी बांधांवरून आत शिरले आणि शहर बुडाले, असे त्यात गृहीत धरले होते. साठ हजारांहून अधिक मृत्यूंचा अंदाज त्यातून निघाला होता. शहरातील सुमारे लाखभर रहिवाशांकडे स्वतःचे वाहन नाही, हेही नियोजन करणाऱ्यांना ठाऊक होते. पाणी भिंतीवरून आले काय किंवा भिंत फोडून आले काय, वाहन नसलेली, आजारी आणि म्हातारी माणसे शहरात अडकणार, त्यांना बाहेर काढायला बसगाड्या, होड्या, पाणी आणि औषधे लागणार, हे तेरा महिने आधी कागदावर आले होते. इथे माहितीचा प्रश्न निकालात निघतो आणि राहतो तो क्षमतेचा: त्या सरावातून निघालेल्या योजना पूर्ण का झाल्या नाहीत? हा प्रश्न विचारून थांबावे आणि प्रतिपक्षाला उत्तर देऊ द्यावे.

माहितीचा दुसरा टप्पा वादळानंतरचा आहे. २९ ऑगस्टला न्यू ऑर्लिन्समध्ये फेमाचा एकच अधिकारी होता. भिंत फुटल्याची बातमी त्याच्या कानी त्याच दिवशी सकाळी आली आणि संध्याकाळी हेलिकॉप्टरमधून त्याने ती स्वतः पाहिली व वरिष्ठांना कळवली. असे असूनही दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये काही वरिष्ठांचा समज शहर थोडक्यात बचावले असाच होता. माहिती मिळालीच नाही असे येथे म्हणता येत नाही. माहिती मधल्या पायऱ्यांवर अडकली असे म्हणावे लागते. आणि माहिती वर पोहोचवणारी यंत्रणा उभी करणे हेही सरकारचेच काम असते.

तासांचा तक्ता

प्रतिसादावर बोलणाऱ्याने चार रकान्यांचा तक्ता बनवावा: वेळ, कोणाला काय कळले, त्याच्या हाती काय होते, आणि त्याने काय केले. एकदा तो भरला की दोषाची टोलवाटोलवी आपोआप उघडी पडते. २६ ऑगस्टला गव्हर्नर कॅथलीन ब्लँको यांनी राज्यात आणीबाणी जाहीर केली. २७ ऑगस्टला त्यांच्या विनंतीवरून राष्ट्राध्यक्षांनी लुइझियानासाठी संघराज्याची आणीबाणी घोषित केली. याचा अर्थ, वादळ येण्याआधी दोन्ही सरकारांनी आपापली कागदोपत्री पावले उचलली होती, आणि ‘राज्याने मदतच मागितली नाही’ हा प्रचलित युक्तिवाद येथेच बाद होतो. त्याच रात्री मेफिल्ड यांनी गव्हर्नर आणि महापौर रे नेगिन यांना स्वतः दूरध्वनी केले. महापौरांनी सक्तीच्या स्थलांतराचा आदेश २८ ऑगस्टच्या सकाळी दिला, म्हणजे वादळ धडकण्याच्या जेमतेम वीस तास आधी. शहरी प्रशासनावरचा सर्वांत टोकदार आरोप हाच आहे. प्रतिकूल बाजूने त्याचा वापर जरूर करावा, कारण आदेश देण्याचा अधिकार, माहिती आणि कर्तव्य ही तिन्ही महापौरांकडेच होती.

पुढच्या नोंदी संघराज्याच्या विरोधात जातात. अशा आपत्तीला राष्ट्रीय महत्त्वाची घटना जाहीर करण्याचे काम गृहसुरक्षा सचिव मायकल चेर्टॉफ यांनी ३० ऑगस्टला केले. राज्याच्या विनंतीची वाट न पाहता मदत आधीच रवाना करता यावी यासाठी डिसेंबर २००४ च्या राष्ट्रीय आराखड्यात एक खास तरतूद होती. ती वापरलीच गेली नाही. शहरातील कन्व्हेन्शन सेंटर या संमेलनगृहात हजारो लोक अन्नपाण्याविना जमले असल्याचे आपल्याला १ सप्टेंबरला कळले, असे संघराज्याचे अधिकारी सांगत होते. ती दृश्ये तेव्हा वृत्तवाहिन्यांवर सर्वांना दिसत होती. सुपरडोम या क्रीडागृहाला ‘अखेरचा आसरा’ म्हणून उघडले होते, तेथे माणसे वीस हजारांवर गेली आणि त्यांना हलवण्यासाठीच्या बसगाड्या पुरेशा संख्येने येण्यास १ सप्टेंबर उजाडला. मोठ्या संख्येने नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाचे जवान आणि रसद कन्व्हेन्शन सेंटरला पोहोचली ती २ सप्टेंबरला.

या तक्त्यात जमेच्या नोंदीही आल्या पाहिजेत. महामार्गांच्या दोन्ही बाजूंनी वाहने एकाच दिशेने सोडण्याची राज्याची योजना उत्तम चालली आणि महानगर परिसरातून दहा लाखांहून अधिक लोक वेळेत बाहेर पडले. तटरक्षक दलाने तेहतीस हजारांहून अधिक जणांची सुटका केली. तटरक्षक दल हीदेखील संघराज्याचीच संस्था आहे. म्हणून ‘संघराज्याचे सगळेच कोलमडले’ असे वाक्य चुकीचे ठरते आणि ‘जेथे स्थानिक अधिकाऱ्याला वरच्या परवानगीविना निर्णय घेता आला तेथे काम झाले’ असे वाक्य अधिक खरे आणि अधिक परिणामकारक ठरते.

फेमाबद्दल बोलताना

फेमाचे प्रमुख मायकल ब्राउन पूर्वी अरबी घोड्यांच्या एका संघटनेत अधिकारी होते, ही गोष्ट सभागृहात हमखास हशा पिकवते. ती सांगायला हरकत नाही. पण तेवढ्यावर थांबल्यास युक्तिवाद एका माणसाच्या चेष्टेवर संपतो आणि ब्राउन यांनी १२ सप्टेंबरला राजीनामा दिला तेव्हा प्रश्नही संपला असा समज होतो. अधिक खोल मुद्दा रचनेचा आहे. फेमाची स्थापना १९७९ ची. १९९० च्या दशकात जेम्स ली विट यांच्या काळात, राज्यपातळीवर आपत्तीचे काम केलेला माणूस प्रमुखपदी असताना, तिला मंत्रिमंडळ पातळीचा दर्जा मिळाला होता. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर बावीस संस्था एकत्र करून गृहसुरक्षा विभाग उभा राहिला. २००३ मध्ये फेमा त्यात विलीन झाली आणि विभागाचे लक्ष प्रामुख्याने दहशतवादाकडे राहिले. वादळ, पूर आणि भूकंप हे नेहमीचे शत्रू दुय्यम झाले. हा निर्णय राष्ट्राध्यक्षांचा आणि काँग्रेसचा होता, त्यात दोन्ही पक्षांची मते होती; म्हणून तो मांडताना पक्षीय रंग देण्याची गरज उरत नाही.

व्यक्तीच्या चारित्र्याविषयीही हीच काळजी घ्यावी. महापौर नेगिन २०१४ मध्ये भ्रष्टाचाराच्या खटल्यात दोषी ठरले. त्यावरून २८ ऑगस्टचा आदेश उशिरा का निघाला याचे उत्तर मिळत नाही. ते मिळत नसेल तर तो उल्लेख गाळावा.

‘लोक शहर सोडून गेले का नाहीत?’

प्रतिकूल बाजूचा हा आवडता प्रश्न आहे आणि सभागृहात त्याला टाळ्याही मिळतात. त्याला रागाने उत्तर देऊ नये, माहितीने द्यावे. लुइझियानातील मृतांपैकी जवळपास निम्मे लोक ७५ वर्षांचे किंवा त्याहून मोठे होते. वादळ महिन्याच्या अखेरीस आले. महिन्याच्या पगारावर आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्या घरांत तेव्हा पेट्रोलला आणि बाहेरगावच्या मुक्कामाला पैसे नव्हते. शहराच्या ताब्यातील शाळेच्या बसगाड्या आवारात रांगेने बुडालेल्या दिसल्या. त्या चालवायला चालक मिळतील याची व्यवस्थाही आधी झालेली नव्हती. ज्याला जाता येत होते त्याने न जाणे आणि ज्याला जाता येतच नव्हते त्याला मागे ठेवून देणे यांत मोठा फरक आहे, आणि सक्तीचा आदेश काढणाऱ्या सरकारावर दुसऱ्या गटाला वाहन पुरवण्याची जबाबदारी येतेच, असे माझे ठाम मत आहे. कोणावरही जाण्याची सक्ती करायची आणि जाण्याचे साधन द्यायचे नाही, ही सरकारची भूमिका असूच शकत नाही.

येथेच वंशाचा प्रश्न येतो. सुपरडोम आणि कन्व्हेन्शन सेंटरमध्ये अडकलेले बहुसंख्य लोक गरीब आणि कृष्णवर्णीय होते. या मुद्द्यावर बोलताना हेतू आणि परिणाम यांची गल्लत टाळावी. अधिकाऱ्यांनी जाणूनबुजून उशीर केला असा आरोप करायचा तर त्याचा पुरावा लागतो. परंतु ज्या योजनेत ‘प्रत्येक घरात गाडी आहे’ हे गृहीतच धरलेले असते, ती योजना गरिबांना आपोआप वगळते. हे दाखवण्यासाठी कोणाच्या मनात काय होते हे सिद्ध करावे लागत नाही. त्याच दिवसांत सुपरडोममध्ये खून आणि अत्याचारांचे थैमान चालल्याच्या बातम्या पसरल्या होत्या, आणि महापौरांसह काही अधिकाऱ्यांनीही त्यांची री ओढली होती. त्यातील बऱ्याचशा पुढे निराधार किंवा अतिरंजित ठरल्या, पण तोवर मदत करणाऱ्यांची पावले त्यांनी रोखली होती. त्या काळच्या बातम्यांचे कात्रण पुरावा म्हणून वापरण्यापूर्वी नंतरच्या चौकशीत त्याचे काय झाले, हे तपासून घ्यावे.

आकडा सांगताना

कॅटरिनातील मृतांची संख्या अनेक वर्षे १,८३३ अशी सांगितली जात होती. राष्ट्रीय हरिकेन केंद्राने २०२३ मध्ये ती १,३९२ अशी सुधारली. दोन वक्त्यांनी दोन आकडे सांगितले की सभागृहाला एक जण खोटे बोलतो आहे असे वाटते, म्हणून आकडा नेहमी कोणाचा आणि केव्हाचा हे सांगूनच द्यावा. मृत्यू कसे मोजले जातात हाच कधी कधी वादाचा गाभा होतो. २० सप्टेंबर २०१७ रोजी प्वेर्तो रिको बेटावर धडकलेल्या मारिया चक्रीवादळातील अधिकृत मृत्युसंख्या बराच काळ ६४ होती. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासानंतर ऑगस्ट २०१८ मध्ये तेथील सरकारने २,९७५ ही संख्या मान्य केली. वाढलेल्या आकड्यात वीज, औषधे आणि रुग्णालये महिनोन्महिने बंद राहिल्यामुळे गेलेले जीव मोजले होते. प्रतिसादातील दिरंगाईची किंमत दाखवायची असेल तर हे उदाहरण कॅटरिनापेक्षाही नेमके आहे.

न्यायालयाचा निकाल पुढे आला तर

न्यायालयाने सरकारला नुकसानभरपाई द्यायला लावली नाही, मग जबाबदारी कसली, असा प्रश्न येईल. पूरनियंत्रणाच्या कामातून होणाऱ्या नुकसानीबद्दल संघराज्यावर दावा चालत नाही, असे संरक्षण १९२८ च्या कायद्याने दिलेले आहे. भिंती फुटल्याबद्दलचा दावा २००८ मध्ये याच कारणाने फेटाळला गेला, आणि तो फेटाळताना न्यायाधीशांनी कोरच्या कामगिरीवर कडक ताशेरे ओढले. जहाजांसाठी खोदलेल्या मिसिसिपी रिव्हर गल्फ आउटलेट या कालव्याबाबत त्याच न्यायालयाने २००९ मध्ये कोरला दोषी धरले होते. अपील न्यायालयाने आधी तो निकाल कायम ठेवून २०१२ मध्येच स्वतःचा निर्णय फिरवला. दावा न चालणे आणि चूक न होणे या वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे सांगून पुढे जावे. स्वतः राष्ट्राध्यक्षांनी १३ सप्टेंबर २००५ रोजी, संघराज्य जेथे आपल्या कामात कमी पडले तेथपर्यंत जबाबदारी आपली आहे, असे मान्य केले होते.

तुलना करायची असेल तर

हानी टाळता येण्यासारखी होती हे दाखवण्यासाठी श्रोत्यांच्या जवळचे उदाहरण हवे असते. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात ओडिशात सुमारे दहा हजार लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर राज्याने स्वतंत्र आपत्ती व्यवस्थापन यंत्रणा उभारली, किनाऱ्यावर आश्रयस्थाने बांधली, गावोगावी सराव घेतले; ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन चक्रीवादळ आले तेव्हा सुमारे दहा लाख लोक आधीच हलवले गेले आणि मृतांची संख्या दोन आकड्यांत राहिली. ही तुलना देताना वादळे सारखी नव्हती आणि ओडिशाच्या किनाऱ्यावर समुद्रसपाटीखाली वसलेले महानगर नव्हते, हे आपणच सांगावे.

मुंबईचे उदाहरण मराठी सभागृहात कोणीतरी काढणारच, कारण २६ जुलै २००५ चा प्रलय कॅटरिनाच्या जेमतेम महिनाभर आधीचा आहे. सांताक्रूझला त्या दिवशी २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पुढे माधवराव चितळे यांच्या समितीने मिठी नदीची आणि शहराच्या जलनिःसारणाची दुरवस्था तपासली. तो चक्रीवादळाचा तडाखा नव्हता. त्यामुळे वाऱ्याच्या आणि समुद्राच्या लाटेच्या मुद्द्यावर हे उदाहरण निरुपयोगी आहे. पाणी वाहून जाण्याची वाट सरकारने राखली का, या एका मुद्द्यावर मात्र ते चोख बसते. तेवढ्यापुरतेच वापरावे.

उत्तराच्या फेरीत काय मागावे

अनुकूल बाजूने उत्तराच्या फेरीत नवा आरोप करू नये. जबाबदारी मान्य झाली तर काय बदलायला हवे ते सांगावे, आणि त्यासाठी कॅटरिनानंतर जे बदलले त्याचाच आधार घ्यावा. ऑक्टोबर २००६ च्या सुधारणा कायद्याने फेमाला अधिक अधिकार दिले आणि तिच्या प्रमुखाला आपत्ती व्यवस्थापनाचे ज्ञान व नेतृत्वाचा अनुभव असलाच पाहिजे अशी अट घातली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने स्थलांतराच्या योजनांत पाळीव प्राण्यांचा विचार करणे राज्यांना भाग पाडले, कारण प्राणी सोडवत नाहीत म्हणून अनेकांनी घर सोडले नव्हते. न्यू ऑर्लिन्सभोवती साडेचौदा अब्ज डॉलर खर्चून नवी संरक्षणव्यवस्था उभी राहिली. त्यात कालव्यांच्या मुखाशी दरवाजे आणि पंपही आले, जो पर्याय पूर्वी मागे पडला होता तोच. २९ ऑगस्ट २०२१ रोजी आयडा चक्रीवादळ लुइझियानावर धडकले तेव्हा ही व्यवस्था टिकली. मात्र संपूर्ण शहराची वीज गेली आणि त्या भिंतींबाहेरच्या ला प्लास या वस्तीत पाणी शिरले.

प्रतिकूल बाजू या शेवटच्या वाक्याला पकडून म्हणेल की, एवढा खर्च करूनही हानी झालीच. त्यावर अनुकूल बाजूने मागणी आणखी नेमकी करावी: विजेच्या जाळ्याची जबाबदारी कोणत्या नियामकाची, भिंतींबाहेरच्या वस्त्यांसाठीचा बांध कोणत्या प्रकल्पात, त्यासाठी निधी कोणी मंजूर करायचा आणि कोणत्या वर्षापर्यंत. प्रतिकूल बाजूचे उत्तर ‘धोका पूर्ण संपत नाही’ असे असेल, तर उरलेला धोका नागरिकांना कोणी आणि कोणत्या शब्दांत सांगायचा, हे त्यांना विचारावे. सक्तीच्या आदेशाला उशीर का झाला या प्रश्नाकडे चर्चा पुन्हा नेण्याचा तो सर्वांत सरळ रस्ता आहे.